वरमाय काहीच घेत नाही

मुलीकडच्यांच्या गाडीत वरमायीनं कसं वागावं, याचं शिक्षण आमच्याकडे बाईला परकरात असल्यापासून मिळतं. खिडकीजवळ बसावं. गाव चांगलं आहे म्हणावं, पण फारच चांगलं आहे असं म्हणू नये. दिलेलं घ्यावं, हावरटासारखं घेऊ नये. आणि काहीच न घेणं म्हणजे तर सोयरीक मोडल्यासारखंच. एवढं सगळं शिकवतात. फक्त वरमायीला लघवीला लागली तर तिनं काय करावं, हे मला कोणी शिकवलं नाही. कारण वरमायीला लागत नाही. वरमाय झाली की बाईचं शरीर संपतं, नुसता मानपान उरतो.

आम्ही नागपूरचे. आमचा आशय बंगळुरात नोकरीला, तिथेच त्याला देवश्री भेटली, आणि दोघांनी आपसात ठरवून टाकलं. मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. पण मोठ्यांना नुसतं हो म्हणायला अख्खा दिवस लागतो, साड्या लागतात आणि गाडी लागते. देवश्रीचे वडील नरसिंहराव, सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. चार पिढ्या बंगळुरात, घरात मात्र मराठी. त्यांनी फोनवर कार्यक्रम ठरवून दिला होता. सकाळी पाहुण्यांना शहर दाखवायचं, दुपारी चामराजपेटच्या त्यांच्या घरी जेवण, जेवणानंतर बोलणी. आशयला सकाळी ऑफिसचं काम होतं, तो परस्पर जेवायला येणार होता. जाताना मला म्हणाला, ‘‘आई, प्लीज, नॉर्मल राहा. ते लोक फार सेन्सिटिव्ह आहेत.’’

‘‘मी काय अबनॉर्मल असते का?’’

‘‘तसं नाही. तोंड वाकडं करू नकोस फक्त.’’

तोंड. दिवसभर सगळा घोळ त्या तोंडानंच झाला.

बाहेर जायचं म्हणून सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. यात नवीन काही नाही. शाळेत प्यायचो नाही, कॉलेजात नाही, एसटीत नाही, लग्नकार्यात नाही. पुरुष प्रवासाला निघताना पाण्याची बाटली भरून घेतो, बाई निघताना स्वतःला रिकामी करून घेते. त्यातून माझी गर्भपिशवी काढल्यापासून धरून ठेवायची ताकद निम्मी झालेली. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. डॉक्टरांच्या केबिनला आतूनच जोडलेला संडास असतो, त्यांचं काय जातं?

नरसिंहराव गाडी घेऊन आले तेच थर्मास घेऊन. पुढे ते आणि आमचे नंदकिशोरराव. मागे आम्ही तिघी: खिडकीत मी, मध्ये देवश्रीची आई अंबुजाबाई, पलीकडे देवश्री. गाडी सुरू व्हायच्या आधीच अंबुजाबाईंनी पितळी पेल्यात कॉफी ओतली.

‘‘घ्या की अक्का. घरची पावडर आहे.’’

पहिलाच पेला. तो परत केला असता तर चामराजपेट सोडा, गाडीनं गल्लीसुद्धा ओलांडली नसती. मी प्यायले. नंतर बागेपाशी नरसिंहरावांनी शहाळी फोडायला लावली. शहाळं म्हणजे काय, घागरच होती. ‘‘स्वल्पच आहे हो, स्वल्पच,’’ असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली. स्वल्प म्हणजे थोडं. बंगळुरात जे जे म्हणून संपत नाही त्याला स्वल्प म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाग मोठी, सुंदर, झाडांना नावाच्या पाट्या. नरसिंहराव एकेका झाडाचं वय सांगत होते. ‘‘आणि आमची हवा बघा अक्का! घाम नाही, पंखा नाही. नागपुरात असं मिळेल का हो?’’

नाही मिळत. नागपुरात अंगातलं पाणी घामावाटे जातं. तुमच्या त्या थंड हवेत ते सगळं एकाच ठिकाणी जमा होतं. पण हे व्याह्याला कसं सांगायचं?

‘‘मी जरा फुलं बघून येते,’’ असं सांगून मी एकटीच पुढे गेले. बाणाची पाटी होती, पाटीवर परकरातली बाई काढलेली होती. बाणाच्या मागोमाग गेले. झाडांच्या मागे टाइल्स लावलेली छान इमारत होती. पुरुषांचं दार सताड उघडं. बायकांच्या दाराला कुलूप, आणि कुलूपही असं गंजलेलं की ते उघडावं असा विचार इतक्यात कोणाच्या डोक्यात आला असेल असं वाटेना. बाजूला एक वॉचमन बसला होता. त्याला मी हिंदीत विचारलं, ‘‘भैया, चाबी?’’

‘‘चाबी ऑफिस में.’’

‘‘ऑफिस?’’

‘‘ऑफिस आज छुट्टी.’’

म्हणजे बागेला सुट्टी नाही, झाडांना सुट्टी नाही, पुरुषांच्या दाराला नाही. बायकांच्या मूत्राशयालाच शनिवारची सुट्टी. मी परत आले तर नंदकिशोररावही झाडाआडून परत येत होते. चेहरा असा प्रसन्न, जणू देवदर्शन करून आले. हा माणूस पस्तीस वर्षं सरकारी खात्यात स्वच्छतेची घोषवाक्यं लिहीत होता. गावोगावच्या भिंती याच्या अक्षरांनी भरल्या. आणि रिटायर झाल्यावर आता उरलेल्या भिंती हा स्वतः भरतोय.

‘‘कशी होती फुलं?’’ अंबुजाबाईंनी विचारलं.

‘‘बंद होती,’’ मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हलवून बघितलेल्या कुलपाचा गंज माझ्या बोटांना लागला होता, तो मी पदराला पुसला.

तिथून जयनगर. वाटेत एका कोपऱ्यावर मला चकाकणारी लोखंडी खोली दिसली. नाणं टाकायची फट, वर हिरवा-लाल दिवा, बाजूला बाईचं चित्र. ‘‘हे काय असतं?’’ असं मी जमेल तेवढ्या निरागसपणे विचारलं.

नरसिंहरावांची छाती फुगली. ‘‘अहो, हे ई-टॉयलेट! आपोआप दार उघडतं, आपोआप धुतलं जातं. एकदम हायटेक. परदेशातले लोक फोटो काढतात.’’

‘‘चालू आहे का?’’

‘‘चालू म्हणजे... टेक्नॉलॉजी आहे ना.’’

टेक्नॉलॉजी होतीच. दार अर्धवट उघडं होतं आणि आत फुलवालीच्या झेंडूच्या करंड्या रचलेल्या. बिचारीनं निदान वापर तरी केला. गाडी पुढे गेली. मागे वळून बघताना मला दिसलं की देवश्रीही वळून बघतेय. तिनं लगेच फोनमध्ये डोकं घातलं.

हा फोन मला सकाळपासून खुपत होता. मुलगी दिसायला नीट, बोलायला गोड, पण फोन काही खाली ठेवेना. आपला होणारा सासरा बोलतोय, सासू त्याच सीटवर बसलीय, आणि हिचा अंगठा काचेवर सारखा वर-खाली, वर-खाली. मी वाकून बघायला गेले की पडदा मांडीवर पालथा. मनात म्हटलं, आहे काहीतरी. आशय म्हणतो साधी आहे. साधी पोट्टी फोन पालथा कशाला ठेवेल?

जयनगरला नरसिंहरावांनी बाजार दाखवायला गाडी थांबवली. मला समोर साड्यांचं चार मजली दुकान दिसलं. चार मजल्यांत एक तरी असेलच. ‘‘चला, साड्या बघू,’’ मी म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत रस्ता ओलांडला. अंबुजाबाई माझ्यामागून जवळजवळ पळतच आल्या. दुकानात गादीवर बसवलं, घड्या उलगडायला लागले. मी साडीकडे बघतच नव्हते, भिंतीवर पाट्या शोधत होते. अंजिरी रंग, मोरपंखी रंग, एकापाठोपाठ एक समोर पसरत होते आणि मी मान वळवून जिन्याकडे बघत होते. शेवटी विकणाऱ्या बाईच्या कानाशी जाऊन विचारलं.

‘‘मॅडम, है, लेकिन स्टाफ के लिए,’’ तिनंही कुजबुजत सांगितलं. ‘‘मालिक मना करते.’’

‘‘और कस्टमर को लगी तो?’’

ती बिचारी हसली. तिलाही माहीत होतं. म्हणाली, ‘‘कस्टमर घर जाती है ना मॅडम.’’

घर. माझं घर तिथून रेल्वेनं एक दिवस लांब होतं.

परत गाडीत बसलो तेव्हा अंबुजाबाईंचा आवाज बदललेला होता. ‘‘अक्का, एकही साडी पसंत पडली नाही का हो तुम्हाला? आम्ही तुमच्यासाठी घेऊन ठेवलीय ती इथलीच आहे.’’

‘‘नाही नाही, छान होत्या.’’

‘‘तुम्ही बघितल्याच नाहीत.’’

मी पाय एकावर एक टाकले. मग उलटे टाकले. अंबुजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘अहो, घरी जाऊ की आता. बास झालं.’’ हे त्या बागेपासून सारखं म्हणत होत्या: घरी जाऊ, लवकर जाऊ, उशीर होतोय. माझ्या मनात आलं, बाईला आमचा कंटाळा आलाय. पाहुणे कधी एकदा कटतील असं झालंय.

नरसिंहराव मात्र ऐकणारे नव्हते. यादीतलं सगळं दाखवल्याशिवाय ते गाडी घराकडे वळवणार नव्हते, मग ती यादी कोणी मागितलेली असो वा नसो. वाटेत एक मोठा मॉल लागला. काचेचा, चकचकीत, आणि मला खात्री होती की आत थंडगार, ओल्या फरशीचा, दरवाजाला कडी असलेला आणि नळाला पाणी असलेला स्वर्ग आहे. मी म्हटलं, ‘‘इथे जरा जाऊ या का?’’

‘‘मॉल? मॉलमध्ये काय बघायचं अक्का? सगळीकडे सारखेच. आपण खरं बंगळूर बघू,’’ असं म्हणत नरसिंहरावांनी गिअर टाकला. खरं बंगळूर म्हणजे एक दगडी फाटक होतं, एक देऊळ होतं, पुतळे होते आणि एक तळं होतं. तळं! वाऱ्यावर लहान लहान लाटा, काठाला चुळुक-चुळुक. मी डोळे मिटून घेतले.

‘‘झोप आली का?’’ देवश्रीनं हळूच विचारलं. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, घाबरलीय, सासू खडूस दिसतेय म्हणून.

देवळाबाहेर लांबलचक भिंत होती आणि भिंतीवर पुरुषांनी मुतू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावलेल्या होत्या. गणपती, साईबाबा, येशू, मक्का, सगळे एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर. पुरुषाला आवरायला तेहतीस कोटी कमी पडले म्हणून इतर धर्मांतले मागवावे लागले. बायकांसाठी देव लागत नाहीत. बायकांसाठी एक कुलूप पुरतं.

आणि या सगळ्यात पेय थांबत नव्हतं. उसाचा रस. नको. बदाम दूध. नको. परत थर्मासमधली कॉफी. नको हो, खरंच नको. प्रत्येक ‘नको’ला अंबुजाबाईंचे ओठ थोडे आणखी मिटत होते आणि नरसिंहरावांचं झाडांचं वय सांगणं थोडं आणखी कमी होत होतं. नंदकिशोरराव माझ्या वाटचं सगळं पीत होते. प्यायचे, मग ‘‘जरा पाय मोकळे करतो’’ म्हणून उतरायचे. पाय! या माणसाचे पाय सकाळपासून चारदा मोकळे झाले होते.

चामराजपेट जवळ आलं. घर आता जवळच आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणि तिथेच वाहतूक तुंबली. पुढे बस, मागे बस, मधून रिक्षा. नरसिंहरावांनी गाडी कडेला घेतली, कारण तिथे त्यांचा तीस वर्षांपासूनचा ताकवाला होता.

‘‘तोवर मज्जिगे पिऊ. हे मात्र नाही म्हणायचं नाही अक्का. मिरची, कढीपत्ता, अस्सल. आमच्या आईच्या हातचं ताक असंच असायचं.’’

पेला खिडकीतून आत आला. वरपर्यंत भरलेला, काठावरून ओघळणारा. माझ्या डोळ्यांसमोर धरलेला. मी तो बघितला आणि माझं तोंड वाकडं झालं. आशयनं नको म्हणून सांगितलेलं तेच तोंड.

‘‘नको,’’ मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन.

नरसिंहरावांनी पेला परत घेतला. गाडीत आले, बसले, आणि त्यांनी इंजिन बंद केलं. आरशातून माझ्याकडे बघत, एकदम शांतपणे म्हणाले, ‘‘अक्का, एक स्पष्ट विचारू का?’’

‘‘विचारा.’’

‘‘आमची मुलगी तुम्हाला पसंत नाही. सकाळपासून मी बघतोय. बाग बघितली नाही, साडी बघितली नाही, आमच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. सरी, ठीक आहे. जबरदस्ती नाही. पण मग घरी नेऊन, जेवायला वाढून, सगळ्यांसमोर आमचा अपमान कशाला? इथेच सांगा. मी तुम्हाला मुलाच्या फ्लॅटवर सोडतो. आशयला मी समजावीन.’’

अंबुजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. देवश्रीनं फोन मांडीवर पालथा ठेवला. आशयचा चेहरा माझ्यासमोर आला: तीन वर्षं वाट बघून, दोन्ही घरांना राजी करून, आज दुपारी जेवायला नवा शर्ट घालून येणारा. त्याचं लग्न माझ्या तोंडापायी ताकाच्या गाडीशेजारी मोडत होतं.

नंदकिशोररावांनी मध्यस्थी केली. बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की हा माणूस नेहमी व्याह्यांच्या बाजूनं उभा राहतो. ‘‘तसं नाही हो राव. आमच्या हिचा स्वभावच तसा आहे. तोंडच तसं आहे. तुम्ही मनावर घेऊ नका.’’

झालं.

‘‘माझा स्वभाव नाही, माझं तोंड नाही,’’ मी म्हणाले. ‘‘मला मुतायला जायचंय.’’

बाहेर ताकवाला पेले विसळत होता, तो आवाज तेवढा येत होता. तो आवाज नको होता खरं तर.

‘‘सकाळपासून जायचंय,’’ मी पुढे म्हणाले, आता थांबणं नव्हतं. ‘‘तुमच्या बागेत कुलूप आहे. तुमच्या हायटेक खोलीत झेंडू आहे. साडीच्या दुकानात मालक मना करतो. मॉल तुम्ही बघू देत नाही. मुलगी मला पसंत आहे. मुलगी सोन्यासारखी आहे. पण त्या मुलीला पसंत करायला मी या गाडीत जिवंत राहिले पाहिजे, आणि तुमची सीट कोरडी राहिली पाहिजे!’’

नरसिंहराव म्हणजे इंजिनिअर माणूस, सगळ्या शहराचा नकाशा डोक्यात, पण या विषयावर त्यांच्याकडे नकाशाच नव्हता.

मग मधल्या सीटवरून बारीक आवाज आला. अंबुजाबाई पदर डोळ्यांवरून न काढताच म्हणाल्या, ‘‘मला पण जायचंय.’’

‘‘तुला?’’ नरसिंहराव गर्रकन वळले.

‘‘बागेपासून. म्हणून तर घरी जाऊ, घरी जाऊ म्हणत होते. वरमाय बसलेली असताना मी कशी जाऊ? आणि मी विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मुलीच्या आईला काही रीतभात नाही.’’

‘‘आणि मला,’’ देवश्री म्हणाली. तिनं फोन उलटा करून सरळ माझ्यासमोर धरला. पडद्यावर बंगळूरचा नकाशा आणि नकाशाभर निळे ठिपके. ‘‘हे बघा आंटी. सकाळपासून हेच चाललंय माझं. हे बागेतलं: ‘क्लीन अँड स्पेशस, फोर स्टार’. हे मार्केटजवळचं: ‘पर्मनंटली क्लोज्ड’. हे इथे आहे असं दाखवतंय, इथे, जिथे तो ताकवाला उभा आहे ना, तिथे.’’

मी तो नकाशा बघितला. मला त्या पोरीची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. तीन बायका, एकमेकींना खेटून बसलेल्या, तिघींचं दुखणं तेच, आणि तिघी एकमेकींचे चेहरे वाचत बसलो होतो. मी म्हणत होते पोरगी उद्धट आहे, आई म्हणत होती वरमाय नाराज आहे, पोरगी म्हणत होती सासू खडूस आहे. आणि खाली तिघींचीही घागर तुडुंब.

‘‘घर किती लांब आहे?’’ मी विचारलं.

‘‘तसं जवळ आहे, पण या ट्रॅफिकमध्ये...’’ नरसिंहराव म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून सनई-चौघड्यासारखा आवाज आला. तिकडची सनई लांबलचक असते आणि ढोलाबरोबर वाजते. एका फाटकाला दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले, वर फुलांत लिहिलेली नवरा-नवरीची नावं.

‘‘कल्याण मंटप,’’ अंबुजाबाई एकदम ताठ झाल्या. ‘‘तिथे असतं. असतंच.’’

‘‘अग, कोणाचं लग्न आहे, ओळख ना पाळख...’’ नरसिंहराव सुरू झाले.

‘‘अप्पा, तुम्ही गप्प बसा,’’ देवश्री म्हणाली आणि दार उघडून उतरली. ‘‘आंटी, चला. आपल्या अंगावर सिल्क आहे. एवढं पुरे.’’

आम्ही तिघी रस्ता ओलांडून निघालो. धावता येत नव्हतं, हळूही चालता येत नव्हतं. अशा चालीला मराठीत नाव नाही, पण प्रत्येक बाईला ती येते. फाटकात दोन मुली गुलाबपाणी शिंपडत होत्या. कुंकू लावलं, खडीसाखर दिली. माझ्या अंगावर गुलाबपाणी उडालं आणि मी पाण्याच्या त्या चार थेंबांनीच संपणार होते. एक म्हाताऱ्या आजीबाई पुढे आल्या, हात जोडून कानडीत काही विचारलं.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘मुलीकडच्या की मुलाकडच्या, असं विचारतात,’’ देवश्री म्हणाली. मग तिनं आजींना अत्यंत नम्रपणे कानडीत सांगितलं, माझ्याकडे बोट करून, मग आईकडे. मला नंतर समजलं की ती म्हणाली होती: ‘‘या मुलाकडच्या, या मुलीकडच्या.’’ एक अक्षर खोटं नव्हतं. आजी आनंदानं बाजूला झाल्या. मी मनात म्हटलं, आशय गाढव आहे, पण निवड चांगली केली त्यानं.

मंटपाच्या मागे बोळ. बोळात बायकांची रांग. अर्थातच दोन दारं होती, आणि अर्थातच एकाला कुलूप होतं. आत सजावटवाल्याचं थर्माकोल ठेवलंय, असं पुढच्या बाईनं सांगितलं. आलिशान हॉल, छताला झुंबरं, स्टेजवर खुर्च्यांना सोनेरी पत्रा, आणि हजार माणसांच्या लग्नात बायकांसाठी एक भोक. रांग सरकत सरकत आमचा नंबर आला. दार उघडलं. आणि आता ऐका.

‘‘तुम्ही जा अक्का,’’ अंबुजाबाई म्हणाल्या.

‘‘नाही, तुम्ही जा, तुम्ही बागेपासून...’’

‘‘असं कसं? आधी वरमाय.’’

‘‘अहो, वयानं तुम्ही मोठ्या!’’

संडासाच्या दारात आम्ही मानपान करत होतो. संस्कार इतके खोल गेलेत की मूत्राशयाच्याही खाली गेलेत. मागच्या बायका ओरडायला लागल्या. आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गडबड झाली: नवरी येत होती. डोक्याला फुलांचा मुकुट, गळ्यात जाड हार, निऱ्या दोन बाजूंनी दोन बायकांनी धरलेल्या. एक मावशी पुढे वाट करत होती. मुहूर्त जवळ आला होता. रांग आपोआप भिंतीला लागली. मीही लागले. नवरीच्या पुढे कोण जाणार? माझ्या पोटात एक कळ आली आणि मी भिंतीचा आधार घेतला.

नवरी दारापाशी येऊन थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलं. जास्तीत जास्त पंचविशीची पोर. तिच्या कपाळावरून घाम चालला होता, ओठ कोरडे पडले होते. सकाळपासून तिलाही कोणी पाणी दिलं नसणार, साडी इतक्यांदा सोडायची कोण? तिनं माझं तोंड बघितलं. ज्या तोंडावर सकाळपासून एवढी चर्चा झाली, ते तोंड त्या परक्या पोरीनं एका नजरेत वाचलं.

‘‘नीवु होगी, अम्मा,’’ ती म्हणाली.

‘‘तुम्ही जा म्हणतेय,’’ देवश्रीनं माझ्या कानात सांगितलं.

मावशी चिडली, मुहूर्त मुहूर्त म्हणायला लागली. नवरी तिच्याकडे न बघता म्हणाली ते देवश्रीनं नंतर गाडीत सांगितलं: ‘‘मुहूर्त थांबेल. ह्या थांबू शकत नाहीत.’’

मी आत गेले. आतलं वर्णन मी करणार नाही. पुरुष लेखक हिमालयाचं जसं करतात तसं करावं लागेल.

बाहेर आले तेव्हा नवरीचा हार काढून माझ्याच हातात दिला गेला, कारण बाकी सगळ्यांचे हात तिच्या साडीत गुंतले होते. मी तो हार दोन्ही हातांत धरून उभी राहिले. बाहेरून भटजी माइकवर नवरीला बोलावत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज चढवून. कोणीतरी पुरुष बोळात डोकावला आणि बायकांची रांग बघून तसाच मागे फिरला. हजार माणसं, एक भटजी, पत्रिका जुळवून काढलेली ती शुभ घटका, सगळं त्या एका दाराच्या कडीवर थांबलं होतं. सनईवाल्यांनी तेच तेच वाजवायला सुरुवात केली. मी, नागपूरची हेमलता, अनोळखी पोरीचा हार घेऊन पहारा देत होते आणि माझ्या पोटात कित्येक तासांनी शांतता होती. नवरी बाहेर आली, मी तिला हार घातला. तिच्या आईनंही एवढ्या मनापासून घातला नसेल.

मग अंबुजाबाई गेल्या. मग देवश्री. आम्ही कोणी कोणाला ‘आधी तुम्ही’ म्हटलं नाही.

गाडीपाशी परतलो तेव्हा दोघे पुरुष बाहेर उभे होते. नरसिंहराव माझ्या नजरेला नजर देईनात. रस्ता मोकळा झाला होता. घरापर्यंत ते एकच वाक्य बोलले: ‘‘बागेत कुलूप आहे हे मला माहीत नव्हतं.’’

‘‘तुम्हाला कसं माहीत असेल?’’ अंबुजाबाई म्हणाल्या. ‘‘त्या दाराशी तुम्ही कधी गेलाच नाहीत.’’

घरी आशय आधीच येऊन बसला होता. माझा चेहरा बघून त्यानं डोळ्यांनीच विचारलं, काय केलंस? मी डोळ्यांनीच सांगितलं, नंतर. जेवण झालं. पानसुपारी आली. नरसिंहरावांनी घसा साफ केला आणि सगळीकडे विचारतात तेच विचारलं. ‘‘तर मग, तुमच्या काही अपेक्षा?’’

नंदकिशोररावांनीही घसा साफ केला. ‘‘छे छे, आमच्या कसल्या अपेक्षा! आमची काहीच मागणी नाही. तुम्ही हौसेनं तुमच्या मुलीला जे काही...’’

‘‘माझी आहे,’’ मी म्हणाले.

आशयनं डोळे मिटले. नरसिंहराव पाटावर सरळ झाले. मुलीचा बाप असा सरळ होतो तेव्हा त्याचा खिसा आधी सरळ होतो.

‘‘लग्नाचा हॉल ठरवायच्या आधी मी आणि अंबुजाबाई जाऊन बायकांचे संडास बघणार. दारं उघडून, नळ सोडून. एकालाही कुलूप असेल, आत खुर्च्या, थर्माकोल, झेंडू, काहीही ठेवलेलं असेल, तर तो हॉल नाही. आणि नवरीला सकाळी पाणी द्यायचं. पोटभर.’’

नरसिंहरावांचा श्वास सुटला. ‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच म्हणता? सकाळपासून तुमच्या सगळ्या शहरात मिळालं नाही ते.’’

देवश्री हसायला लागली. अंबुजाबाईंनी मात्र हसायच्या आधी आत जाऊन तांब्या आणला. गार पाण्याचा, वरपर्यंत भरलेला. माझ्यासमोर धरला. मधल्या खोलीत सगळे बघत होते. वरमाय काय करते याच्याकडे मुलीकडच्यांचं लक्ष असतंच.

मी तांब्या उचलला आणि वरून धार धरून, सगळ्यांसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

आशयनं डोळे उघडले. नरसिंहरावांनी हात जोडले. त्या घरात तोच होकार धरला गेला, आणि तो बरोबरच होता. फक्त पिण्याआधी मी एक काम करून ठेवलं होतं, ते कोणाला माहीत नव्हतं. हात धुवायला म्हणून मागे गेले होते तेव्हा त्यांचं न्हाणीघर कुठे आहे आणि त्याची कडी आतून लागते का, हे बघून आले होते. लागत होती.